चार किलो नवी, दोन किलो जुनी

सरपंच साहेब, ग्रामसेवक साहेब, पुढं बसलेल्या अक्का, लातूरहून आलेली सरांच्या घरची मंडळी, अन् गावातल्या मायबापांनो, भावांनो.

मी दिगंबर. टाकीवरचा दिगंबर. गावाला पाणी सोडतो, पाण्यात जंतू मारायची पावडर टाकतो, तो. बाहेरगावची पाव्हणी मंडळी हायत म्हणून सांगितलं. मला बोलता येत न्हाई. उभ्या आयुष्यात मी माईक धरलेला न्हाई. ग्रामसभेत सुद्धा मी मागं, चपलांपाशी बसतो. सांभाळून घ्या.

ह्या शोकसभेत मला सरपंचांनी उठवलं. म्हणले, दिगंबर, तू रोज सकाळी सरांना भेटायचास, दोन शब्द बोल. आता मी लई संशयी माणूस हाय, हे गावाला ठाऊक हाय. माझ्या बायकोला जरा जास्तच ठाऊक हाय. मला कुणी चहा पाजला तरी कप तोंडाला लावायच्या आधी मी इचार करतो, ह्याचं माझ्याकडं काय काम असंल. तवा सरपंचांनी नाव पुकारलं अन् माझ्या मनात पयला शक हाच आला, की मलाच काहून? ह्यांना काही कळलं का? कुणी काही सांगितलं का? मी ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत समद्यांची तोंडं बघितली. कुणाला काहीच माहीत न्हाई. सरपंचांनी आपलं सरळ मनानं नाव घेतलं होतं.

मी न्हाई म्हणणार होतो. पोट दुखतंय म्हणून सांगणार होतो. पण माझ्या आधी तीन जण बोलले. तिघं चांगलं बोलले. सर देवमाणूस होते म्हणले, फुकट शिकवायचे म्हणले. अन् तिघांनी, एकानं न्हाई, तिघांनी, एक गोष्ट सांगितली. की बघा, एवढा गणिताचा माणूस, पण एकदा त्याचंही गणित चुकलं, अन् त्यांनी ते चारचौघांत कबूल केलं, केवढं मोठं मन. सरपंच तर हसून म्हणले, चुकतो तोच माणूस. तुम्ही पण हसलात. मी अक्कांकडं, सरांच्या मालकिणीकडं, बघितलं. अक्का हसल्या न्हाईत. त्यांनी पदर तोंडाला लावला अन् खाली बघितलं.

तवा मग माझं पोट खरंच दुखायला लागलं. म्हणून मी उठलो.

मंडळी, मला अप्पा सरांबद्दल बोलायचं हाय. वीरभद्रअप्पा गुरुजी. लोह्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. मला पण शिकवलं. माझी दहावी गणितात दोनदा गेली, तिसऱ्यांदा निघाली, अन् ती कशी निघाली याचा शक मला आजून हाय. रिटायर झाल्यावर सर गावात येऊन राहिले. ओट्यावर फळा टांगला. संध्याकाळी पोरं जमायची. अक्का आतून ताक आणायच्या.

अन् रोज सकाळी सहाला सर टाकीपाशी यायचे. हातात एक छोटी काचेची बाटली, खिशात वही. मी पाणी सोडायचो, ते पयल्या नळाखाली बाटली धरायचे, त्यात दोन थेंब औषध टाकायचे. पाणी पिवळं झालं तर पावडर बरोबर. न्हाई झालं तर कमी. मग वहीत काहीतरी लिहायचे. माझ्याकडं न बघता लिहायचे.

तुम्हीच सांगा, तुमच्या कामावर रोज एक माणूस आला, बाटली भरून बघितली, वहीत लिहिलं अन् गेला, तर तुम्हाला काय वाटंल? मला वाटलं, हा म्हातारा पुरावा गोळा करून राहिला. एक दिवस वही उचलंल अन् तालुक्याला जाईल. मी त्यांना एकदा इचारलं, सर, काय लिहिता? ते म्हणले, तारीख. मी म्हणलं, नुसती तारीख? ते म्हणले, अन् रंग. झालं. माझी झोप उडाली. माझ्या रंगाची नोंद ठेवणारा माणूस मी कवा बघितला नव्हता.

आता मूळ गोष्टीवर येतो. सात पावसाळे झाले त्याला. तवाचे सरपंच वेगळे होते, ते आता पुण्याला पोरापाशी असतात.

आपल्या पंपहाऊसमध्ये त्या साली पावडरच्या तीन गोण्या होत्या. एक नवी, शिवण न उसवलेली. दोन जुन्या, ओल लागून ढेकळं झालेल्या. ही पावडर म्हणजे तुम्हाला नुसती पांढरी पावडर दिसते, पण तिच्यात जोर किती हाय ते शेकड्यात मोजतात. ठेवली की जोर उतरतो. तालुक्याहून तपासणीचा कागद आला होता. नवीचा जोर तीस. जुन्या दोन्हीचा पंधरा पंधरा. अन् पंपहाऊसच्या भिंतीवर जो तक्ता लावलेला हाय, टाकीत किती पाणी तर किती पावडर, तो तक्ता पंचवीसच्या पावडरचा. मला तक्ता वाचता येतो. तक्त्याच्या बाहेरचं काही येत न्हाई.

म्हणून मी सरांच्या ओट्यावर गेलो. स्वतःहून गेलो, एवढं तरी माझं नाव घ्या. म्हणलं, सर, नवी तीसची, जुनी पंधराची, मला सहा किलोचा डबा भरायचा हाय, पंचवीसचा. कसा भरू?

सरांचं तोंड असं खुललं की विचारू नका. ते म्हणले, दिगंबर, हे गणित मी तुला नववीत तीनदा घातलं होतं. दोन द्रावणांचं मिश्रण. तवा तू खिडकीतून बाहेर बघत होतास. बस आता.

मग त्यांनी वहीचा कागद फाडला. म्हणले, नवी समजू क्ष किलो. मी मनात म्हणलं, आला क्ष. हा क्ष म्हणजे कोण, हे मला तवा पण कळलं न्हाई अन् आज पण न्हाई. सर म्हणले, नवी क्ष, तर जुनी किती? डबा सहाचा हाय. जुनी सहा वजा क्ष. आता जोर मोज. नवीचा जोर तीस क्ष. जुनीचा जोर पंधरा गुणिले सहा वजा क्ष. दोन्ही मिळून व्हायला पाहिजे पंचवीस सक दीडशे. खाली खाली लिहीत गेले. पंधरा क्ष बरोबर साठ. क्ष बरोबर चार. म्हणले, चार किलो नवी, दोन किलो जुनी. अन् खाली रेघ मारून लिहिलं, ताळा.

सरांचं ते ताळ्याचं वेड तुम्हाला ठाऊकच हाय. ओट्यावर बसलेल्या प्रत्येक पोरानं ते ऐकलेलं हाय. उत्तर आलं म्हणून नाचू नको, उत्तर परत गणितात घाल अन् बघ. सर म्हणायचे, उत्तरावर विश्वास ठेवायचा नसतो, ताळ्यावर ठेवायचा असतो. मला ते लई आवडायचं. मला वाटायचं, चला, गावात माझ्यासारखा संशयी आजून एक माणूस हाय.

मी कागद खिशात घातला, घरी आलो. अन् तिथंच माझा स्वभाव आडवा आला.

मी इचार केला. चार किलो नवी अन् दोन किलो जुनी. नवी जास्त काहून? ज्या गोण्या सडून चालल्यात त्या आधी संपवायच्या, का कोरी करकरीत नवी आधी संपवायची? शहाणा माणूस काय करंल? नवी लवकर संपली की परत खरेदी. खरेदी आली की कुणाचं तरी भलं. सरपंच अन् सर त्या आठवड्यात दोनदा पारावर बोलताना मी बघितले होते. मी म्हणलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. ह्यांनी म्हाताऱ्याला पुढं केलंय, म्हाताऱ्यानं क्ष ला पुढं केलंय, अन् मी अडाणी म्हणून माझ्या हातून नवी गोणी उडवून घ्यायची.

नंतर मला कळलं, पारावर ते दोघं काय बोलत होते ते. शाळेच्या संडासाला दार बसवा म्हणून सर मागं लागले होते.

पण ते नंतर. तवा मी नवी गोणी आत कोपऱ्यात लोटली, वर पोतं टाकलं. दोन्ही जुन्या गोण्या काढल्या. माझ्या डोक्यानं हिशोब केला. ही पंधराची, ही पंधराची. पंधरा अन् पंधरा किती? तीस. पाहिजे किती? पंचवीस. म्हणजे उलट जास्तच झाली. म्हणून मी तीन किलो हिच्यातली घेतली, तीन तिच्यातली घेतली, डबा भरला. अन् जोर जास्त झाला असंल म्हणून रोज तक्त्यापेक्षा मूठभर कमीच टाकत गेलो.

आता मागं बसलेली पोरं हसून राहिलीत. हसा. तुम्हाला कळलंय, कारण तुम्ही त्या ओट्यावर बसलात. मला कळलं नव्हतं. मला वाटलं, मी गावाची एक गोणी वाचवली. मी लई खूश होतो.

अन् नेमके त्याच आठवड्यात सर लातूरला नातवाच्या नामकरणाला गेले होते. बाटली धरायला कुणी नव्हतं. अक्का घर राखायला मागं राहिल्या होत्या, म्हैस होती म्हणून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नाल्यापाशी पाइप फुटला. पाण्यात घाण शिरली. हे समद्या गावाला ठाऊक हाय. पाइप मी फोडला न्हाई. पण पाइप दर पावसाळ्यात फुटतो मंडळी, त्याच्यासाठीच तर पावडर असते. पाण्यात पावडरचा जोर असता तर निम्मं निभावलं असतं. नव्हता.

पोळ्याच्या दिवशी गावभर जुलाब-उलट्या, बैल सजवायला घराघरात माणूस उभा राहीना. दर दोन घराआड एक खाट बाहेर होती. शाळेत सलाईनी लटकवल्या. अन् अक्का. अक्कांना जीपमध्ये आडवं घालून नांदेडला नेलं. आठ दिवस. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सरांना बाजूला बोलावून सांगितलं होतं, की घरच्यांना बोलावून घ्या. अक्का त्यातून उठल्या, हे आपलं नशीब. माझं तर जास्तच.

सर नांदेडहून दोन दिवसांसाठी गावात आले. घरी गेले न्हाईत. सरळ पंपहाऊसला आले. मला म्हणले, कुलूप काढ. मी काढलं. ते आत गेले. डबा उघडला, बोटानं पावडर चोळली, वास घेतला. दोन्ही जुन्या गोण्या बघितल्या, तोंड उघडलेल्या. मग कोपऱ्यात गेले, पोतं बाजूला केलं. नवी गोणी. तिची शिवण तशीच. सरांनी त्या शिवणीवरून हात फिरवला. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस मला गावासमोर उभा सोलणार.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. तालुक्याहून साहेब आले होते. तुम्हातले बरेच जण होतात. साहेबांनी इचारलं, नवी पावडर असताना जुनी काहून वापरली? कुणी सांगितलं? मी उभा राहिलो. टोपी काढली, परत घातली.

अन् अप्पा सर उठले. म्हणले, साहेब, त्याला हिशोब मी करून दिला होता. माझा आकडा चुकला.

साहेब म्हणले, गुरुजी, तुम्ही? सर म्हणले, हाव. कागदावर लिहून दिला होता. साहेब माझ्याकडं वळले. म्हणले, कुठं हाय कागद? दाखव.

मंडळी, कागद माझ्या खिशात होता. ह्याच, ह्या सदऱ्याच्या न्हाई, पण अशाच वरच्या खिशात. छातीला लागून होता. मी म्हणलं, हरवला.

साहेबांनी लिहून घेतलं. मला ताकीद दिली, नोकरी राहिली. सरांना काय करणार, ते तर रिटायर माणूस. त्यांना गावानं केलं. दुसऱ्या आठवड्यापासून ओट्यावरची पोरं कमी झाली. ज्याचं स्वतःचंच गणित चुकतं तो आमच्या पोराला काय शिकवणार, असं म्हणत तुम्ही पोरं जीपनं लोह्याच्या क्लासला घातली. नावं घेत न्हाई. आज इथं हार घेऊन आलेत ते पण त्यात हायत. मी तरी कुणाला काय म्हणू? खाई त्याला खवखवे.

ओट्यावर पाच-सहा पोरं राहिली. सर म्हणायचे, बरं झालं, ओटा झाडायला सोपा झाला.

आता तुम्ही म्हणाल, दिगंबर, तुला तवा लाज वाटली असंल. खोटं कशाला सांगू? मला पयली लाज न्हाई वाटली. पयला शक आला. हा माणूस माझ्यासाठी खोटं काहून बोलला? ह्याला काय पाहिजे? माझं कोरडवाहू रान सरांच्या रानाला लागून हाय, मी म्हणलं, बांध सरकवायचा असंल. मी जाऊन बांध बघून आलो. बांध जागच्या जागी. मग म्हणलं, पोरासाठी काही काम सांगंल. न्हाई सांगितलं. मी वर्षभर वाट बघितली, की आज हा माणूस येणार अन् म्हणणार, दिगंबर, तुझं माझ्याकडं काहीतरी हाय. सर यायचे. रोज सहाला. बाटली धरायचे, दोन थेंब टाकायचे, वहीत लिहायचे, अन् एकच इचारायचे, ताळा केलास का?

अक्का दवाखान्यातून आल्यावर सरांनी मला एकदा घरी बोलावलं होतं. ते मला सांगायचं हाय. ओट्यावर बसवलं. अक्कांना म्हणले, ताक आण, पातळ कर. अक्का भिंतीला धरून चालत होत्या तवा. त्यांनी दोन पेले आणून ठेवले. सरांनी एक पेला मला पाजला. म्हणले, कसं हाय? मी म्हणलं, पातळ. दुसऱ्यातला घोट पाजला. म्हणले, हे? मी म्हणलं, हे पण तसंच. मग त्यांनी एका तांब्यात दोन्ही पेले ओतले, हलवलं, अन् मला दिलं. म्हणले, पी. आता घट्ट झालं का बघ.

मी प्यायलो. पातळच होतं. अन् तवा, त्या घोटाला, मला कळलं की मी काय केलं. अन् हे पण कळलं की सरांना समदं ठाऊक हाय. पंधरा अन् पंधरा पंधराच. दोन दुबळे मिसळले तर पैलवान होत न्हाई.

अक्का तिथंच उंबऱ्यात टेकल्या होत्या. त्या मला म्हणल्या, "बघ दिगंबर, जगाला शिकवतात अन् बायकोला चुकीच्या गणितानं सलाईनवर झोपवतात."

सर हसले. अक्का, मी तुमचं ताक पीत होतो अन् कागद घरी पेटीत होता. मी तांब्या खाली ठेवला, तुम्हाला रामराम घातला अन् निघून गेलो. सात वर्षं तुम्ही हे वाक्य त्यांना ऐकवलं. हसत ऐकवलं, कवा रागानं ऐकवलं. मागच्या दिवाळीत पाव्हण्यांसमोर ऐकवलं, मी दारात उभा होतो. त्यांनी तुम्हाला कवाच सांगितलं न्हाई, हे मला त्या ताकाच्या दिवशीच कळलं. मला वाटलं होतं, बायकोला तर सांगितलं असंल. कोणता माणूस बायकोला सांगत न्हाई?

मागच्या महिन्यात मी इचारलं. एकदाच. सरांना टाकीपर्यंत चालायला दम लागत होता तवा. कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं, अन् म्हणलं, सर, तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी खोटं काहून बोललात?

सरांनी पाणी संपवलं. मग म्हणले, "तुझ्यासाठी न्हाई रे. मला वाटलं, मी पुढं झालो की तुझी भीती जाईल, अन् तू कागद काढशील. म्हणशील, सरांचं बरोबर हाय, मी चुकलो. तू म्हणलास, हरवला. मग मी माझा शब्द कसा फिरवू? तुझी नोकरी गेली असती."

मी म्हणलं, सर, मग तवापासून रोज सकाळी येता ते काहून? माझी कीव येते म्हणून? ते म्हणले, कीव कसली? पाणी तपासायला येतो. माझा तुझ्यावर आजून भरवसा न्हाई.

मला लई बरं वाटलं मंडळी. खरं सांगतो. त्यांनी म्हणलं असतं की मी तुला माफ केलं, तर मी घरी जाऊन परत शक घेतला असता. ते म्हणले भरवसा न्हाई, अन् मला पटलं.

मग मी म्हणलं, मला काढून दुसरा ठेवायला पाहिजे होता. सर उठता उठता म्हणले, "दुसरा आला असता तर त्याचं पंधरा अन् पंधरा तीस व्हायचं आजून बाकी होतं. तुझं होऊन गेलंय." अन् गेले घराकडं, काठी टेकत.

त्या दिवशी मी ठरवलं होतं, ग्रामसभेत सांगायचं. पुढची ग्रामसभा महिन्यानं होती. मी म्हणलं, महिना हाय. सर मंगळवारी गेले. सहाला आले न्हाईत म्हणून मी नळ बंद न करता तसाच सरांच्या घरी पळत गेलो. अक्का दारातच बसल्या होत्या.

आता मी काय करतो ते बघा. हा कागद. न्हाई, सरपंच साहेब, तुम्ही बसा, मला बोलू द्या. हा तोच कागद हाय. पेटीत ठेवला होता, घडीवर जरा फाटलाय. अक्षर बघा. ज्यांना ज्यांना सरांनी शिकवलं, त्यांना हे अक्षर वळखू येईल. खाली रेघ हाय, अन् रेघेखाली ताळा लिहिलाय. मी तो सात वर्षांत पन्नासदा वाचला असंल. ग्रामसेवक साहेब, घ्या, वाचा अन् पुढं द्या. प्रत्येकाच्या हातात जाऊ द्या. माझ्या शब्दावर इश्वास ठेवू नका. मी खोटं बोललेला माणूस हाय. मी आज बोलतोय ते पण सर गेल्यावर बोलतोय, जिवंत असताना न्हाई, हा शक तुम्ही जरूर घ्या. मी पण घेऊन राहिलो.

अन् ही पंपहाऊसची चावी. ही मी टेबलावर ठेवतो. ठेवायची का काढायची ते ग्रामसभा ठरवंल. जे ठरवंल ते मला कबूल. फक्त एक हाय, उद्या सकाळी सहाला ज्याच्या हातात ही चावी असंल, त्याच्यासमोर बाटली घेऊन कुणीतरी उभं राहा. कुणीही. पण रोज. एकट्याच्या इमानावर गावाचं पाणी सोडू नका.

अक्का. अक्का, इकडं बघा. तुमच्या नवऱ्याचं गणित चुकलं नव्हतं. चार किलो नवी, दोन किलो जुनी, हेच लिहून दिलं होतं त्यांनी. तसं केलं असतं तर कदाचित तुम्हाला नांदेडला न्यावं लागलं नसतं. तुम्हाला मी झोपवलं. तुम्ही सात वर्षं बोललात ते मला लागू होतं, ते त्यांनी ऐकून घेतलं. मी माफी मागत न्हाई, कारण माफी मागितली की तुम्हाला द्यावी लागंल, तुमचा स्वभाव मला ठाऊक हाय. मी फक्त सांगतो.

आता दोन मिनिटं उभं राहायचं हाय. दर शोकसभेत आपण उभं राहतो, अन् खरं सांगा, मनात काय चालू असतं? घरची कामं. आज तसं नको. आज सरांच्या पद्धतीनं करू. समद्यांनी उभं राहायचं अन् मनात ताळा करायचा. चार किलो पावडर, तीसच्या जोराची. दोन किलो, पंधराच्या जोराची. दोन्हींचा जोर मोजा, बेरीज करा, सहाच्या डब्यानं भागा. ज्याचं उत्तर पंचवीस येईल त्यानं आवाज न करता खाली बसायचं. ज्याला येणार न्हाई त्यानं उभं राहायचं, शेजाऱ्याला इचारायचं न्हाई. अक्का, तुम्ही उठू नका.

मला वेळ लागंल. माझी दहावी दोनदा गेलेली हाय. मी शेवटी बसंन.

अप्पा सर, तुमच्या रीतीनं तुम्हाला शेवटचा नमस्कार, शरणू. उठा समद्यांनी. करा सुरू.